न दिसणारी वाफ

आमच्या वलगावच्या घरी किटलीत पाणी उकळू लागले, की तिच्या तोंडाशी बोटभर जागा मोकळी दिसे आणि त्यापुढे पांढरा लोट उठे. त्या लोटालाच मी वाफ समजत असे. खरी वाफ ती मोकळी जागा. पांढरे दिसतात ते निवलेल्या वाफेचे तुषार. हे मला शाळेने नव्हे, एका खराट्याने शिकवले.

गावापासून दूर एका वीजकेंद्रात नोकरीला लागून मला आठवडा झाला होता. बॉयलरच्या मजल्यावर एकाएकी कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू झाली. दिसत तर काहीच नव्हते! मी मोठ्या ऐटीत आवाजाकडे निघालो, तोच म्हाताऱ्या मिस्त्रींनी कॉलर धरून मला मागे खेचले. बांबूला खराटा बांधून त्यांनी तो पुढे धरला आणि हळूहळू सरकवला. काड्या सपकन तुटून उडाल्या. मी तिथून जेमतेम दोन हात अलीकडे होतो.

वाफ इतकी तापवायची कशाला, असे तुम्ही विचाराल. पारसला आज 250 मेगावॉटचे दोन संच आहेत. तेवढ्या संचाच्या बॉयलरात दाबामुळे पाणी उकळते तेच मुळी 350 अंशांच्या आसपास. पण ती वाफ काठावरची. जरा निवली की तिचे थेंब होतात, आणि मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांवर ते गारांसारखे आदळतात. म्हणून सुपरहीटर नावाच्या नळ्यांतून तिला सुमारे 540 अंशांपर्यंत नेतात. पहिल्या टर्बाइनमध्ये राबून ती निवते, दाबही चौथाईवर येतो. मग तिला माघारी रीहीटरच्या नळ्यांत धाडतात, पुन्हा तितकीच तापवतात आणि पुढच्या टर्बाइनवर सोडतात. सासुरवाशिणीला दिवाळीला माहेरी आणून परत पाठवावे, तसेच! गंमत अशी, की त्या नळ्यांना जळू न देणारीही वाफच. आतला प्रवाह थांबला, की बाहेरची आग पोलादाला खाते.

खराटा वलगावकरांना नवा नाही. गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी आमच्या गावाजवळच, पेढीकाठी देह ठेवला. पण नोकरीतल्या माझ्या पहिल्या लक्ष्मीपूजनाला आईने नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिले, तेव्हा एरवी हसणारा मी न सांगता वाकलो. तिने कारण विचारले. मी सगळे सांगितले.

"काऊन रे, दिसत नाही थे कसं कापीन?"

चुलीवर चहाची किटली होती. मी तिला ती बोटभर मोकळी जागा दाखवली. तिने खात्री करायला हात पुढे केला, आणि मी तो धरून मागे ओढला.