यात आपला माणूस शेवटी जगतो का?

सिनेमा हा आमच्या वस्तीचा जुना नाद. १९९०-९१ साली बाबासाहेबांची जन्मशताब्दी झाली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. चौदा एप्रिलला वर्गणी काढून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायचा, विहाराच्या ओट्यावर मांडायचा आणि एका रात्रीत तीन सिनेमे बघायचे. पहिला मान 'भीम गर्जना'चा. मग एक मिथुनचा, आणि पहाटे अर्धी वस्ती पेंगत असताना अमिताभचा. बाबासाहेब दिसले की म्हाताऱ्या बाया बसल्या जागी हात जोडायच्या, आणि तासाभराने त्याच बाया मिथुनचा नाच बघून पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

आता भाड्याचा व्हीसीआर गेला. पुतण्याच्या मोबाइलवर नेटफ्लिक्स आहे, तो टीव्हीला जोडून देतो. वर्षातून दोनदा-तीनदा थिएटरात जाणं होतं. मी काही समीक्षक नाही. कॅमेरा कुठे ठेवला आणि प्रकाश कुठून टाकला हे मला कळत नाही. पण सिनेमा संपल्यावर गल्लीतल्या नळावर आम्हा बायांची जी चर्चा होते ती पेपरातल्या समीक्षेपेक्षा कमी नसते, असं माझं मत आहे.

मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, आम्ही सातजणी मिळून 'फुले' बघायला गेलो. हा सिनेमा खरं तर ११ एप्रिलला, जोतिबांच्या जयंतीला लागायचा होता. काही संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डाने फेरबदल सांगितले, आणि तो २५ एप्रिलला लागला. 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला लावल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. ज्या शब्दाने आमच्या पणजोबांना गावकुसाबाहेर ठेवलं, तो शब्द पडद्यावर ऐकवला तर दुखावतं कोण? आम्ही तर नाही दुखावलो. शब्द काढला म्हणून झालेली गोष्ट पुसली जाते काय? सिनेमाबद्दल विचाराल तर प्रतीक गांधीने जोतिबा मनापासून केले आहेत, पत्रलेखाची सावित्रीमाईही चांगली. मधे मधे मात्र शाळेतला धडा कुणी वाचून दाखवतंय असं वाटतं. आमच्यातल्या एका मावशींना दुसऱ्या भागात झोप लागली, हेही प्रामाणिकपणे लिहिते. तरी शेणाचे गोळे अंगावर झेलत माई शाळेकडे चालत जाते, तिथे आमच्या सातही जणींचे डोळे भरून आले होते.

आमच्या सासूबाईंना जुन्या गोष्टी पाठ. त्या म्हणाल्या, अत्र्यांनी जोतिबांवर सिनेमा काढला होता तेव्हा मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः गेले होते. ही गोष्ट खरी आहे. तो 'महात्मा फुले' १९५४ सालचा, आणि त्याला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. त्यानंतर मोठ्या पडद्यावर जोतिबा पुन्हा बघायला किती वर्षं गेली! २०२४ साली संदीप कुलकर्णींचा 'सत्यशोधक' आला, आणि मग हा. सत्तर वर्षं म्हणजे माणसाचं सगळं आयुष्य. सासूबाईंचं तर गेलंच त्यात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. माझी थोरली मुलगी बारावीला चांगले मार्क मिळवून पास झाली आणि पाच वर्षांच्या लॉसाठी पुण्याला जायचं म्हणते. आमचे हे टेम्पोवर ड्रायव्हर आहेत. घरात वकील कुणी नाही, वकिलाकडे जाऊन आलेलेच सगळे. गेले दोन महिने आमच्या घरात जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला आणि समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज यांशिवाय दुसरा विषय नाही. अशातच एका रविवारी पुतण्याने विचारलं, काय लावू? मुलगी पटकन म्हणाली, "दादा, आपला माणूस शेवटी मरतो तो नको लावूस."

आम्ही हसलो. मग मी मनातल्या मनात मोजायला लागले आणि हसू जिरलं.

नागराज मंजुळेंचा 'सैराट' २०१६ च्या एप्रिलअखेर लागला तेव्हा आमच्या वस्तीतली एकही वरात 'झिंगाट'शिवाय निघाली नाही. शंभर कोटींच्या आसपास धंदा केला म्हणतात त्या सिनेमाने. पण शेवटच्या पाच मिनिटांत थिएटरात जी शांतता झाली ती अजून माझ्या कानात आहे. ते लहान लेकरू रक्तात पाय भरून बाहेर येतं आणि आवाज नाही. वरातीत नाचणाऱ्या त्याच पोरांच्या आया रात्री घरी त्यांना बजावत होत्या, कॉलेजात कुणाकडे बघू नको रे बाबा. 'जय भीम' २०२१ साली आला. आमच्या आजीला नाव ऐकून वाटलं बाबासाहेबांचा सिनेमा आहे, म्हणून ती आंघोळ करून बसली. बघते तर तमिळ माणसं, इरुळर जमातीचा राजाकन्नू, पोलीस कोठडी आणि मार. आजी शेवटपर्यंत उठली मात्र नाही. 'कोर्ट'मध्ये नारायण कांबळे गाणं म्हणाला म्हणून तुरुंगात जातो. ती भूमिका करणारे नागपूरचे वीरा साथीदार खऱ्या आयुष्यातही चळवळीतलेच. २०२१ च्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने गेले. 'फँड्री'तला जब्या मरत नाही खरा, पण डुक्कर खांद्यावर घेऊन तो आणि त्याच्या घरची माणसं शाळेच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या चित्रासमोरून जातात, ते बघताना आपणच थोडे मरतो. जब्या कैकाडी, परशा मासे धरणाऱ्याचा मुलगा, राजाकन्नू आदिवासी. पण बघताना आपण कुठे वेगळं धरतो? सगळे आपलेच.

मी मुलीला म्हटलं, बाई, जे घडतं ते दाखवतात. खैरलांजी २००६ साली घडली ती कुणी पटकथा लिहून नाही घडवली. खोटा गोड शेवट दाखवला तर तूच म्हणशील, हे कुठल्या देशातलं आहे? ती म्हणाली, "खरं दाखवू नका असं कुठं म्हणतेय मी? पण आपल्यात जगतात तेही खरंच आहे ना? तू जगतेस, पप्पा जगतात, शेजारच्या ताई नर्स झाल्या, त्या जगतात. ते कुणी का दाखवत नाही?"

या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण नाही.

तरी त्या दिवशी पुतण्याने 'होमबाउंड' लावलाच. नीरज घेवान यांचा सिनेमा, २०२५ साली भारताकडून ऑस्करला पाठवला तो. उत्तरेतले दोन मित्र, एक मुसलमान आणि एक दलित, पोलिसभरतीच्या परीक्षेला बसतात. पुढे सुरतेच्या कापड गिरणीत मजुरीला जातात आणि लॉकडाऊनमध्ये गावाकडे निघतात. २०२० साली घडलेल्या खऱ्या गोष्टीवर बेतलेला आहे. त्यातला चंदन भरतीच्या फॉर्मवर आपली जात लपवून खुल्या वर्गाच्या चौकोनात खूण करतो. आमच्या घरात टेबलावर त्याच वेळी वसतिगृहाचा अर्ज पडलेला. मुलीने अर्जाकडे बघितलं, मी मुलीकडे बघितलं. चंदनच्या आईच्या भेगाळलेल्या टाचा दाखवल्या आहेत, त्या बघून आमच्या ह्यांनी आपले पाय लुंगीखाली ओढून घेतले. चंदन शेवटी रस्त्यातच जातो. मुलगी रडली, पण मग म्हणाली की त्यातली सुधा भारती तिला आवडली. सुधा शिकणारी आहे, बाबासाहेबांचं नाव घेणारी आहे, आणि ती चंदनला कॉलेज पुरं कर म्हणून सांगत राहते. ते काम जान्हवी कपूरने केलंय. गोरी गोमटी नटी आपल्या मुलीच्या भूमिकेत का घेतात यावर नळावर मोठा वाद झाला, तो इथे लिहीत नाही, जागा पुरायची नाही.

'धडक २' मी आधी एकटीने बघितला, मग मुलीला दाखवला. तसं करायला कारण होतं. तोही २०२५ चाच, दिग्दर्शन शाझिया इक्बाल यांचं. मूळ तमिळ सिनेमा मारी सेल्वराज यांचा 'परियेरुम पेरुमाल', २०१८ सालचा, पा. रंजित यांच्या 'नीलम' संस्थेने काढलेला. नीलम म्हणजे निळा, हे सांगायला नको. हिंदीतला नीलेश लॉ कॉलेजात जातो आणि आडनाव सांगताना अडखळतो. त्याच कॉलेजात एक चळवळीतला विद्यार्थी आहे, तो आत्महत्या करतो. बघताना रोहित वेमुलाची आठवण न होणारा माणूस आपल्यात सापडणार नाही. १७ जानेवारी २०१६ ही तारीख मला पाठ आहे, कारण त्या दिवसापासून मुलीला बाहेरगावी शिकायला पाठवायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. मुलगी आता पुण्याला लॉलाच जाणार. दाखवावा की न दाखवावा? शेवटी दाखवला. तो प्रसंग आला तेव्हा मी मुद्दाम उठून चहा टाकायला गेले नाही, तिच्या शेजारीच बसून राहिले. सिनेमा संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "हा जगला." नीलेश शेवटी जगतो, आणि मान वर करून जगतो. सिनेमात भडकपणा आहे, प्रेमाची गाणी जरा जास्तच आहेत, मूळ तमिळ यापेक्षा कितीतरी चांगला. पण आमच्या घरात तो पास झाला.

माझी स्वतःची आवड विचाराल तर घेवान यांचाच 'गीली पुच्ची' म्हणून एक छोटा सिनेमा आहे, 'अजीब दास्तान्स'मधला, २०२१ चा. कोंकणा सेन शर्मा त्यात कारखान्यातली कामगार झाली आहे, भारती मंडल. मशीनवर काम करते आणि ऑफिसातली टेबलाची नोकरी मागते, तर ती दुसरीला मिळते. पुढे एका घरी सगळ्यांना चिनी मातीच्या कपात चहा देतात आणि हिला स्टीलच्या भांड्यात. मी सहा वर्षं एका कंपनीत पॅकिंगला होते. तिथे माझा ग्लास खिडकीच्या कठड्यावर वेगळा असायचा. कुणी बोललं नाही, भांडण नाही, फक्त ग्लास तिथे असायचा. भारती तो चहा पिते तेव्हा तिच्या तोंडावर जे काही आहे ते मला ओळखीचं वाटलं. भारती शेवटी मरत नाही, रडत नाही, नोकरी मिळवते. ती काही साधी भोळी नाही, डाव टाकते. काहींना ते आवडलं नाही. मला आवडलं. आपला माणूस पडद्यावर आला की देवमाणूसच का असावा?

आणि 'मेड इन हेवन' मालिकेतलं ते लग्न, २०२३ सालचं. राधिका आपटे पांढऱ्या साडीत, बाबासाहेबांचा फोटो, बुद्धवंदना. आमच्या गल्लीत ते एका मोबाइलवर नऊ बायांनी बघितलं. कुणी म्हणालं साडी महागाची आहे, कुणी म्हणालं आपल्यात एवढ्या कमी माणसात लग्न होतं का, जेवणावळ कुठेय? पण आपल्या पद्धतीचं मंगल परिणय हिंदीत, कुणी न मरता, कुणी न मारता, नुसतं लग्न म्हणून दाखवलं. सासूबाईंनी ते दोनदा लावायला सांगितलं.

पुढच्या सिनेमांचं म्हणाल तर नागराज मंजुळेंच्या 'खाशाबा'ची घोषणा २०२३ साली ऐकली. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक आणलं, ती गोष्ट. पण आम्ही जास्त वाट बघतोय ती बाळू पालवणकरांवरच्या सिनेमाची. तिग्मांशू धुलिया तो करणार असं २०२४ साली जाहीर झालं. चर्मकार समाजातले बाळू, डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट्स त्यांनी काढल्या. पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळायचे आणि चहाच्या वेळी पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा प्यायचे. माझा खिडकीतला ग्लास बरा म्हणायचा, निदान स्टीलचा होता.

मुलीला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "यात मरतात का?" म्हटलं, मरतात, पण १९५५ साली, म्हातारे होऊन. "मग तिकिटं मी काढते," म्हणाली.

मला मात्र बघायचं आहे की १९३७ ची निवडणूक त्यात दाखवतात की नाही. तरुणपणी बाबासाहेबांना बाळूंचा केवढा अभिमान होता, आणि त्याच बाळूंना काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं. बाबासाहेब निवडून आले. हा भाग अडचणीचा म्हणून गाळला, तर मी याच पानावर पुन्हा लिहीन.