डोकं दुखतंय यार!

ऑफिसात कुणालाही 'काय म्हणतोस?' असं विचारून बघा. 'मस्त' म्हणणारे थोडे, 'डोकं दुखतंय यार' म्हणणारे जास्त. मग कुणी ड्रॉवरमधून गोळी काढून देतं, कुणी बाम पुढे करतं, कुणी कटिंग मागवतं. पेन द्यायला कां-कू करणारी माणसंसुद्धा डोकेदुखीची गोळी मात्र दिलदारपणे वाटतात!

मी फ्रीलान्सर. मला ऑफिस नाही, पण डेडलाइन्स आहेत आणि डोकंही आहे. गेल्या वर्षी मी एक उद्योग केला. डोकं दुखलं की डायरीत लिहायचं. किती वाजता, कुठे, आधी काय खाल्लं, रात्री किती झोपले. दोन महिन्यांत हिशेब लागला. माझी डोकेदुखी बहुतेक दुपारी चारनंतरची. कपाळाभोवती कुणीतरी पट्टा आवळल्यासारखी, दोन्ही बाजूंना. मळमळ नाही, जिना चढले तरी वाढत नाही. डॉक्टर म्हणाले, ही 'टेन्शन टाइप', सगळ्यात कॉमन. माझ्या बाबतीत कारणं साधीच निघाली. पलंगावर मांडी घालून लॅपटॉप, तीन वाजता जेवण आणि दिवसभरात जेमतेम दोन ग्लास पाणी. आता लॅपटॉपखाली चार जुने दिवाळी अंक असतात (साहित्याचा असाही उपयोग!), कीबोर्ड वेगळा, जेवण दीडला. आठवड्याला तीनदा येणारी पाहुणी आता महिन्यातून एक-दोनदा येते.

बाय द वे, रविवारीच डोकं दुखणाऱ्यांनी कॉफीकडे बघावं. सोमवार ते शुक्रवार मशीनची चार-पाच कप कॉफी आणि रविवारी अकरापर्यंत झोप! कॅफिनची सवय असलेल्या शरीराला शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत त्याची आठवण येते, आणि ती डोक्यातूनच येते.

पण खरी गोष्ट माझी नाहीच, आईची आहे. माझी डायरी बघून तिनेही कॅलेंडरवर फुल्या मारायला सुरुवात केली. तिचं दुखणं वेगळंच. एकाच बाजूला, ठणठण ठोके पडल्यासारखं. उजेड नको, कुकरची शिट्टी नको, फोडणीचा वास नको. ओढणी घट्ट बांधून, सुंठ उगाळून कपाळाला लावून ती अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. उलटी झाली की जरा हलकं वाटायचं. म्हणून पंचवीस वर्षं घरात त्याचं एकच नाव होतं, 'पित्त'. आत्याच्या मते तर 'कामाच्या दिवशीच बरं उठतं हिचं पित्त'. आई हे ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी डबे करायला पाचला उठायची.

कॅलेंडर घेऊन आम्ही न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. फुल्या बघूनच त्यांनी विचारलं, 'संकष्टीला जास्त होतं का?' होतंच! दिवसभर उपास, चंद्रोदय उशिरा, त्यात जागरण. रिकामं पोट आणि मोडलेली झोप ही मायग्रेनची दोन ठरलेली निमित्तं. पाळी हे तिसरं, आणि बायकांमध्ये मायग्रेन पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतं. मराठीत त्याला केव्हापासून 'अर्धशिशी' हा शब्द आहे. तरी आपल्या घरांत पित्तच का चालतं कोण जाणे! उलटी हा अर्धशिशीचाच भाग, तिचं कारण नव्हे. आईला हे कळलं तेव्हा ती खुर्चीत नुसतीच बसून राहिली. मग म्हणाली, 'म्हणजे मी नाटक करत नव्हते.' ते वाक्य मला अजून पचलेलं नाही.

आता तुमच्या पर्समधल्या त्या पट्टीबद्दल. माझी एक जुनी रूममेट रोज सकाळी चहाबरोबर गोळी घ्यायची, 'दुखायच्या आत'. साधी पेनकिलर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकेदुखी देऊ लागते. तिचं तेच झालं होतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या बंद केल्या. पहिला आठवडा भयंकर गेला, डोकं आणखी दुखलं, सुट्टी घ्यावी लागली. मग हळूहळू उतरलं. तुमची पट्टी दर आठवड्याला संपत असेल तर केमिस्टशी नाही, डॉक्टरांशी बोला.

आणि काही वेळा डायरी-बियरी सोडून थेट हॉस्पिटल गाठायचं. एका मिनिटात आभाळ कोसळल्यासारखं दुखलं, सोबत ताप आणि मान ताठ झाली, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, डोक्याला मार लागल्यानंतर दुखणं वाढत गेलं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखू लागलं, तर 'झोपलं की बरं वाटेल' म्हणत बसू नका.

आईची अर्धशिशी गेलेली नाही. ती तशी जातही नाही. पण आता ठोके सुरू होताच ती दिलेली गोळी लगेच घेते, आणि महिन्यात किती झाल्या ते कॅलेंडरवर लिहिते. संकष्टी तिने सोडली नाही. फक्त चार वाजता राजगिऱ्याचा लाडू आणि दूध घेते, नि आरती झाली की जेवून लगेच झोपते. परवा आत्याचा फोन आला, 'काय गं, पित्त काय म्हणतंय?' आई म्हणाली, 'पित्त नाही हो वन्सं, अर्धशिशी. लिहून घेता का?'