‘सेन्सेई, ॲप कोणतं?’

‘जपानी शब्द पाठ करायला कोणतं साधन चांगलं, एवढंच सोप्या भाषेत लिहा, फार तांत्रिक नको,’ असं संपादकांनी फोनवर बजावलं. प्रयत्न करते. पण या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणारा माणूस बहुधा ॲप विकत असतो, नाहीतर स्वतः जपानीच्या परीक्षेत एन-फाइव्ह या सर्वांत खालच्या पातळीच्या पुढे गेलेला नसतो.

मी इंदुरीत राहते. तळेगाव-चाकण रस्त्यावर ट्रक तुंबतात म्हणून हे गाव हल्ली लोकांना माहीत असतं. दाभाड्यांचा किल्ला आणि पलीकडचा भंडारा डोंगर त्यानंतर आठवतो. दिवसा कंपन्यांमधून दुभाषाचं काम, संध्याकाळी घरी वर्ग. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा मोठी आहे. रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे. तिथे जपानी साहित्याच्या, सिनेमाच्या ओढीने येणारी मुलं असतात. माझ्याकडची फर्स्ट शिफ्ट सुटली की येतात आणि सेफ्टी शूज दाराशी काढतात. ‘पोकायोके’, ‘गेम्बा’, ‘योकोतेन’ हे कारखान्यातले शब्द त्यांना पहिल्या दिवसापासून येत असतात. ते कुठल्या ॲपने शिकवलेले नसतात. सुपरवायझरच्या तोंडून ऐकले, दुसऱ्या दिवशी लाइनवर वापरले आणि अंगी लागले.

आता जी गोष्ट डोक्यातून जात नाही ती सांगते. माझी एक विद्यार्थिनी एन-थ्री पास झाली. अतिशय कष्टाळू. मोबाइलवरचा अभ्यास एक दिवस चुकवला नाही. सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत दुभाषी म्हणून लागली. बैठकीत जपानी पाहुण्यांनी शाफ्टच्या ड्रॉइंगवर पेन टेकवून विचारलं, ‘कोऽसा वा?’ तिने सांगितलं, ‘क्रॉसिंग कुठे आहे, असं विचारतायत.’ तिच्या मोबाइलमधल्या शब्दकार्डांमध्ये ‘कोऽसातेन’ होतं, म्हणजे चौक, जिथे रस्ते एकमेकांना छेदतात ती जागा. पाहुणे विचारत होते टॉलरन्स. व्यासाच्या आकड्यापुढे ±०.०५ असं काही लिहितात ना, ते. त्याचाही उच्चार कोऽसाच. लिहायची चिन्हं वेगळी. आमची मंडळी बराच वेळ कुठली रेघ कुठल्या रेघेला छेदते ते शोधत बसली.

मी त्या मुलीला बोल लावू शकत नाही. साधनाने जे करायला सांगितलं ते तिने चोख केलं होतं. साधनाने तिला कागदावरचं चिन्ह ओळखायला शिकवलं, आणि तिच्यापुढे आला तो आवाज.

इथे परीक्षेचं थोडं सांगावं लागेल. जेएलपीटी म्हणजे जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा १९८४ साली सुरू झाली. जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. सगळे प्रश्न बहुपर्यायी. बोलायचं एक वाक्य नाही, लिहायचं एक अक्षर नाही. एन-थ्रीला १८० पैकी ९५ गुण लागतात आणि तीन भागांपैकी प्रत्येकात ६० पैकी किमान १९. म्हणजे ऐकण्यात १९ पडले आणि वाचनाने तारलं, तरी प्रमाणपत्र हातात. एचआरवाल्यांना हे कोणी सांगत नाही. ते ‘एन-थ्री’ वाचतात आणि मुलीला सरळ बैठकीत बसवतात.

शिवाय ‘एन-थ्रीचे सगळे शब्द’ म्हणून बाजारात जे मिळतं, त्याला अधिकृत आधार नाही. जुन्या परीक्षेच्या शब्दयाद्या जाहीर होत: सर्वांत खालच्या चौथ्या पातळीला सुमारे ८००, सर्वांत वरच्या पहिलीला १०,०००. २०१० साली परीक्षा बदलली, चाराच्या पाच पातळ्या झाल्या आणि यादी देणं थांबलं. भाषा वापरण्यासाठी शिकायची, नुसते शब्द घोकण्यासाठी नाही, हे आयोजकांचं कारण मला पटतं. त्यानंतरच्या याद्या म्हणजे जुनी यादी आणि प्रकाशकांचे अंदाज. अंदाज चांगले असतात, नाही असं नाही. आस्क प्रकाशनाच्या एन-थ्रीच्या पुस्तकात २,००० शब्द आहेत आणि सोबत लाल पारदर्शक पट्टी येते. ती पानावर ठेवली की लाल शाईतलं उत्तर दिसेनासं होतं. जपानी शाळकरी पोरं असाच अभ्यास करतात. पट्टी मला फार आवडते. पण तिच्याखाली टॉलरन्स नाही, ‘बारी’ (कापलेल्या धातूच्या कडेला राहणारी कूस) नाही, ‘मेन्तोरी’ (टोकदार कड उतरवणं) नाही, ‘दान्दोरी’ही (यंत्र पुढच्या कामासाठी लावून घेणं) नाही. चाकणला रोज लागणारे शब्द हे.

मोबाइलवर सगळ्यांकडे असतं ते ‘अंकी’ हे शब्दकार्डांचं ॲप. २००६ सालचं, फुकट; फक्त आयफोनवर पैसे मोजावे लागतात. कल्पना जुनी आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये विसरण्याचा आलेख मांडला. १९७२ मध्ये लाइटनरने कार्डांचे खण केले. १९८७ मध्ये पोलंडच्या वोझ्नियाकने संगणकाला हिशेब शिकवला. आलेला शब्द लांबच्या तारखेला परत येतो, चुकलेला जवळच्या. २०२३ पासून अंकीत नवा हिशेबही आहे, जो तुमच्या चुका बघून तारखा... असो, नको. ध्यानात ठेवायचं ते इतकंच: रोज २० नवी कार्डं घेतली तर काही आठवड्यांत रोजची उजळणी २००च्या घरात जाते. शिफ्ट करून आलेला मुलगा तिथेच गळतो आणि ‘माझी स्मरणशक्तीच कमी’ म्हणतो. मी ६ नवी कार्डं लावून देते. आठ वेळा चुकलेल्या कार्डाला अंकी ‘जळू’ ठरवतं आणि हवं तर बाजूला काढतं, ही त्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी सोय.

आता माझा लाडका वाद. कार्डावर जपानी शब्द देवनागरीत लिहावा का? मराठी माध्यमातली मुलं सर्रास लिहितात आणि पालकांनाही ते सोपं वाटतं. रोमन लिपीपेक्षा देवनागरी बरी, हे मी आधीच कबूल करते. रोमन ‘टी’ दिसला की आपली जीभ टाळूकडे जाते. जपानी माणूस ‘तोयोता’ म्हणतो, ‘टोयोटा’ नव्हे. ‘त्सु’ म्हणताना युरोपीय विद्यार्थी अडखळतात. आपल्याकडे ‘चूल’मधला च आहेच, मुलं चुटकीसरशी म्हणतात. अगदी जपानीच्या ‘काना’ या उच्चारलिपीचा क्रमही अ-इ-उ, मग क-स-त-न-ह-म असा आपल्या वर्णमालेच्या वळणाचा आहे, कारण तो संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तिकडे गेला. इथवर देवनागरीचा विजय.

पुढे घात होतो. जपानीत स्वर किती लांबवला यावर शब्द बदलतो. ‘कोको’ म्हणजे इथे. ‘कोऽकोऽ’ म्हणजे माध्यमिक शाळेनंतरची शाळा. ‘बिरु’ इमारत, ‘बीऽरु’ म्हणजे बिअर. ‘ओबासान’ काकू, ‘ओबाऽसान’ आजी. पाहुण्यांच्या बायकोला काय म्हटलं ते कळलं की फजिती लक्षात येते. आता देवनागरीत ‘ओ’ला ऱ्हस्व-दीर्घ नाही. ‘बा’तला आ दोन्हींना तोच. इकार-उकार दोन आहेत, पण आपण बोलताना ते कुठे पाळतो? ‘पाणी’तल्या णीची लांबी शुद्धलेखनापुरती. अवग्रह घाला, असं काहीजण सांगतात. मीही या लेखात तेच केलंय, इलाज नाही. पण मुलं वहीत चार दिवस अवग्रह घालतात, पाचव्या दिवशी तो गळतो आणि महिन्याने शब्द कायमचा आखूड होतो. म्हणून माझ्या वर्गात कार्डावर काना लिपी, दुसरं काही नाही. ४६ मूळ अक्षरं आहेत, काही आठवड्यांत येतात. देवनागरीचा आग्रह धरणारे एक शिक्षक मला ‘पुणेरी’ म्हणतात. इंदुरीत राहून हे ऐकायचं!

मग मी काय करायला सांगते? पहिलं, तयार कार्डं उतरवू नका. दिवसभरात कानावर पडलेला, न कळलेला शब्द हातावर खरडून आणा. दुसरं, कार्डाच्या पुढच्या बाजूला फक्त आवाज. चिन्ह आणि अर्थ मागे, आणि शब्द सुटा नको, वाक्यात हवा. ‘कोऽसा’ एकटा आला तर छेद की टॉलरन्स हे देवालाही कळणार नाही. ‘या छिद्राचा कोऽसा किती’ म्हटलं की प्रश्नच उरत नाही. वाक्य बोलून घ्यायला जपानी माणूस हवा, तो नसेल तर मोबाइलचा यांत्रिक आवाज. माझ्या पिढीला तो खटकतो, मुलांना चालतो.

आणि तिसरं, एक साधन कागदाचं ठेवा. कित्येक कंपन्यांत मोबाइल गेटवर जमा होतो, मग ॲप कितीही चांगलं असो, आठ तास ते लॉकरमध्ये. जपानी मुलं वापरतात ती ‘तांगोचोऽ’, कडीत ओवलेली बोटभर कार्डं, आम्ही तळेगावच्या स्टेशनरीवाल्याकडून जाड कागद कापून घेऊन बनवतो. डांगरीच्या खिशात मावतात. तेलकट होतात. तेलकट झालेलं कार्ड वापरलेलं असतं, एवढं मला कळतं. कागदाला आवाज नाही, म्हणून ती पुटपुटत म्हणायची अट. आमच्या गावात अक्षरओळख नसलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना हरिपाठ तोंडपाठ आहे; तोही कानाने आला आणि तोंडाने राहिला. अंकीच्या हिशेबात रोजचं पारायण ही उधळपट्टी ठरेल, ठरो.

पालक विचारतात, ‘मॅडम, तीन महिन्यांत होईल ना?’ कंपनीवाले विचारतात, ‘आता मोबाइलच भाषांतर करतो, मग दुभाषी कशाला?’ पहिल्यांना मी ‘नाही’ म्हणते. दुसऱ्यांना प्रेस चालू असताना मोबाइल धरून बघा म्हणते.

राहिलं जपानी चिन्हं शिकवणारं हायझिगचं पुस्तक, कारण त्याबद्दल विचारल्याशिवाय कोणी जात नाही. १९७७ सालचं, सहाव्या आवृत्तीत २,२०० चिन्हं, प्रत्येकाला एक इंग्रजी शब्द आणि आठवायला एक गोष्ट. पहिल्या भागात उच्चार मुळीच नाहीत. मराठी माध्यमाच्या मुलाला आधी तो इंग्रजी शब्द पाठ करावा लागतो, मग चिन्ह, आणि एवढं करून शब्द म्हणायचा कसा ते कळत नाहीच. मी ते वर्गात येऊ देत नाही. पुण्यात शिकवणारी माझी एक मैत्रीण मात्र त्याच्यावरच शिकवते, आणि या विषयावर आमचं फोनवर दर महिन्याला वाजतं. तिची मुलं मशिनजवळ उभी राहत नाहीत, हे माझं म्हणणं. तिची मुलं जपानी वर्तमानपत्र वाचतात आणि एन-टूला माझ्यापेक्षा जास्त संख्येने पास होतात, हे तिचं. तिचा आकडा बरोबर आहे.