बराबरच्या वाटेवरचं धरनई

बिहारमध्ये पाटण्याहून गयेकडे जाताना जहानाबाद जिल्ह्यात बराबरच्या टेकड्या आहेत. इथल्या गुंफा भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव गुंफांपैकी. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने त्यातल्या काही आजीविक साधूंना दिल्या. लोमस ऋषी गुंफेची कमान पाहिली की आपल्या कार्ल्याचं चैत्यगृह आठवतं. आतल्या भिंती तर इतक्या घोटलेल्या आहेत, की मोबाईलचा टॉर्च लावला तर दगड आरशासारखा चमकतो!

याच भागात धरनई नावाचं गाव आहे. इथे जुनं देऊळ नाही की किल्ला नाही, पण गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे.

धरनईत तीस वर्षांहून जास्त काळ वीज नव्हती. मग जुलै २०१४ मध्ये ग्रीनपीस इंडियाने इतर संस्थांच्या मदतीने इथे १०० किलोवॅटची सौर मायक्रोग्रिड उभी केली. मायक्रोग्रिड म्हणजे गावाचं स्वतःचं छोटं वीजजाळं. पॅनेलवर वीज तयार होते, बॅटरीत साठते आणि तारांवाटे घरोघरी पोहोचते. सुमारे ४५० घरं, दुकानं, शाळा, आरोग्य केंद्र आणि रस्त्यावरचे दिवे उजळले. १०० पैकी ३० किलोवॅट शेतीच्या पंपांसाठी होते. उरलेल्या ७० चा घरांवर भागाकार करा, प्रत्येकाच्या वाट्याला दीडशे वॅटच्या आसपास येतात. दिवे, पंखा, मोबाईल चार्जिंग यांत भागतं, फ्रिज मात्र चालत नाही.

थोड्याच काळात सरकारी वीजही गावात आली. ती स्वस्त होती आणि तिच्यावर मोठी उपकरणंही चालत होती. लोक तिकडे वळले. इकडे सौर प्रकल्पाच्या बॅटऱ्या थकल्या, पण बदलल्या गेल्या नाहीत. पुढे त्या आवारात गुरं बांधली जातात, अशा बातम्याही आल्या.

मग सूर्याची वीज फसली का? तसं म्हणता येणार नाही. सूर्य रोज उगवतच होता. कमी पडली ती मागची व्यवस्था. आजच्या ‘स्मार्ट’ मायक्रोग्रिडमध्ये मीटर प्रत्येक घराचा वापर मोजतो. दुपारी ऊन भरपूर असताना पंप चालवायचे आणि रात्रीसाठी बॅटरी राखायची, हे नियंत्रक यंत्रणा ठरवते. मुख्य म्हणजे असं जाळं सरकारी विजेशी जोडता येतं. कमी पडली तर तिकडून घ्यायची, उरली तर तिकडे द्यायची. म्हणजे मोठी वीज गावात आली, तरी छोटी बंद पडायची गरज नाही.

बराबरचा दगड एकदा घोटला, तो बावीसशे वर्षं चमकतोय. बॅटरी मात्र काही वर्षांतच बदलावी लागते. म्हणून तुमच्या गावात किंवा सोसायटीत सौरऊर्जेचा विषय निघाला, तर ‘किती पॅनेल बसणार?’ याच्या आधी एक प्रश्न नक्की विचारा: बॅटरी बदलायचे पैसे आजपासून कोण साठवणार?