अडीच सूत

भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या आतल्या एका गाळ्यात साठच्या दशकातल्या इम्पालाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून ठेवलाय. नाव पॉवरग्लाइड. दोनच गिअर, क्लचचं पायडल नाही. शेव्हरोलेनं तो 1950 मध्ये आणला आणि 1973 पर्यंत बनवला. अमेरिकेत ड्रॅग रेसवाले आजही त्याच्यावर जीव टाकतात, म्हणून क्लच प्लेटा, बँड, सील, गॅस्केट सगळं नवंकोरं मिळतं. खोका आला, माल मोजून घेतला. बोल्ट त्यात नाहीत. बोल्टाला कोणी सुटा भाग समजतच नाही.

हवेत नऊ. अडीच सुताचे.

सूत. आधी हा शब्दच नोंदवून ठेवतो. इंचाचे आठ सूत. पाव इंच म्हणजे दोन सूत, पाच सोळांश म्हणजे अडीच, अर्धा इंच म्हणजे चार. 1956 च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली, तरी सुतार-फिटरांच्या तोंडातून सूत गेलं नव्हतं. परवा शेजारच्या गाळ्यातल्या पोराकडे "अडीच सुती" मागितला, तर त्यानं मोबाइलमधून मान वर काढली. जरा विचार केला. म्हणाला, "आठचा का, काका?"

आठचा नव्हे. सगळी खराबी इथंच आहे. अडीच सूत म्हणजे 7.94 मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांना आठच. पण याला इंचात 18 आटे, म्हणजे एका आट्यापासून दुसरा 1.41 मिलिमीटरवर, आठच्या बोल्टाचा 1.25 वर. दोन-तीन आटे बोटानं गोड जातो, मग अडतो. अडला की कोणीतरी पान्याला पाइप लावतो. 1962 पासून या बॉक्सचं आवरण बिडाऐवजी ॲल्युमिनियमचं होऊ लागलं. पोलादी बोल्टापुढे त्याचं काय चालणार! आमच्या बॉक्सच्या एका भोकातून अजून चंदेरी चुरा निघतो. कुठल्याशा गॅरेजात, कधीतरी, कोणीतरी घाईत भरलेला तो पीळ.

दुसरा तोतया जास्त सभ्य. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रजानं 1841 मध्ये सुचवलेला आटा. अडीच सुताला त्याचेही आटे 18. कुरकुर न करता शेवटपर्यंत बसतो. पण त्याच्या आट्याचा कोन 55 अंश, अमेरिकनाचा 60. बसतो, पण अंग धरत नाही. चार सुताला तर उघडच फसवतो: व्हिटवर्थचे 12, अमेरिकनाचे 13. सुतात मोजलं की दोघं जुळे भाऊ. सुतावरून स्वर्ग गाठणारे मेकॅनिक मी पुष्कळ पाहिलेत. गाड्या त्यांनीच मारल्या.

पिच गेज. पंख्यासारख्या उघडणाऱ्या पोलादी पात्या, प्रत्येकीवर आकडा. आमच्या गाळ्यातल्या मिस्त्रींच्या गेजवरचे आकडे झिजलेत, 18 ची पाती तेवढी बोटाला ओळखू येते. ती बोल्टाच्या आट्यांत बसवून ते ट्यूबलाइटसमोर धरतात आणि एक डोळा मिटतात. फटीतून उजेड दिसला की बोल्ट गोणीवर. बोलत नाहीत.

डोक्यावरच्या तीन रेघा. अमेरिकन बोल्टाचं बळ आकड्यानं लिहीत नाहीत, रेघांनी दाखवतात. तीन रेघा म्हणजे ग्रेड पाच, सहा म्हणजे आठ. तीनाला पाच आणि सहाला आठ हे गणित कोणाच्या डोक्यातून निघालं असेल! इथले सगळे त्याला "हायटेन्शन" म्हणतात. मूळ शब्द हायटेन्साइल. मला हायटेन्शन जास्त पटतो.



उलट्या आट्याचा चाकाचा नट. क्रायस्लरच्या परवान्यानं कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये 1947 पासून डॉज, प्लिमथ जोडल्या जात. त्यांच्या डाव्या चाकांचे नट डावीकडे फिरवून आवळायचे. नवशिक्या तो सोडवायला जाई आणि आवळत बसे, स्टड तुटेपर्यंत. मिस्त्रींच्या डब्यात असे तीन आहेत. विकत नाहीत, कोणी मागतही नाही.

नऊ बोल्ट बनवून घ्यावेत, तर गल्लीच्या टोकाला स्क्रूचा कारखाना आहे. तार आत जाते, डोकं ठोकलं जातं, आटे दोन डायांत दाबून लाटले जातात, आणि खाली पत्र्याच्या पिंपात मेट्रिक स्क्रूंचा पाऊस. शेठना नऊ सांगितले.

"नऊ किलो?"

"नऊ नग."

शेठनी चहा मागवला. अपमान नव्हता त्यात, पण पुढे बोलणंही नव्हतं.

लेथवाला तयार झाला. चेंज गिअर बदलून इंचाचे आटे कापणारा या पट्ट्यातला मला माहीत असलेला हा एकच. करून दिले त्यानं दोन, साध्या सळईतून, सुबक. देताना म्हणाला, "साहेब, हे शोकेसला लावा. आत नको. लाटलेल्याचा जीव कापलेल्यात येत नाही."

मग मुंबईच्या बाजारांत शोध: नागदेवी, मग कुर्ल्याचा सीएसटी रोड, मग दारूखाना. नागदेवीला प्रत्येक दुकानदारानं पुढच्या दुकानाकडे बोट केलं. दारूखान्यात भंगारातल्या एका कॉम्प्रेसरचं झाकण निघालं, ग्रीसनं माखलेलं. चिंधीनं एक डोकं पुसलं. तीन रेघा.

नऊपैकी सात मिळाले. उरलेल्या दोन भोकांत धूळ जाऊ नये म्हणून मिस्त्रींनी वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवलेत.