मोजणाऱ्याचं माप

आमच्या घरात मोजमापाचा धंदा दोन पिढ्यांचा, असं मी म्हणालो की लोक हसतात. अब्बा जळगावात तराजू-काटे दुरुस्त करीत. मी विजेचे मीटर डिझाइन करता करता निवृत्त झालो. पण दोघांच्या कामाचा गाभा एकच होता.

१९५८ पासून देशात मेट्रिक वजनं येऊ लागली. शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले. अब्बांनी काम शिकून घेतलं ते त्याच दिवसांत. सराफाचा नाजूक काटा असो की धान्यवाल्याचा मोठा तराजू, दुरुस्त झाला की तो सरकारी निरीक्षकाकडे शिक्क्याला जायचा. दुरुस्त करणाऱ्यानं स्वतःच ‘बरोबर आहे’ म्हणून चालत नसे. अब्बा म्हणायचे, “बेटा, काटा किसीका रिश्तेदार नहीं.”

मी धुळ्याला इंजिनिअर झालो. तेव्हा खानदेशाला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. ते जळगावला १९९० मध्ये झालं. आमच्या पदवीवर पुण्याचा शिक्का. मोहल्ल्यात इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती. ‘शिकून तरी आपल्याला कोण घेणार?’ म्हणत बरोबरीची मुलं दहावीनंतर गॅरेजला लागली.

मला नोकरी मिळाली नाशिकला. नाशिक हे मीटरवाल्यांचं गाव. नरेंद्र गोलिया यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स तिथलीच. २०११ मध्ये तिनं पोलंडची लुमेल ही कंपनी विकत घेतली. माझा कारखाना मात्र लहान होता.

डिजिटल मीटरचं आतलं काम तराजूसारखंच असतं. येणाऱ्या व्होल्टेजनं एक कपॅसिटर ठरावीक वेळ भरायचा, मग माहीत असलेल्या संदर्भ व्होल्टेजनं तो रिकामा करायचा आणि रिकामं व्हायला लागलेला वेळ मोजायचा. भरण्याचा वेळ २० मिलिसेकंद किंवा त्याच्या पटीत ठेवला, की ५० हर्ट्झ विजेची गुणगुण आपोआप कटते. म्हणजे एका पारड्यात अनोळखी माल, दुसऱ्यात खात्रीचं वजन. ते वजनच हललं, तर बाकी सगळी हुशारी वाया जाते.

आणि उष्णतेनं ते हलतं. आमचा एक क्लँप मीटर २३ अंशांना अचूक होता. ४५ अंशांना शंभरामागे सहा कमी दाखवू लागला. वरिष्ठ म्हणाले, “अहो शेख, २३ अंशांना पास झालाय ना? कागदावर तेवढंच लिहिलंय.”

मी म्हणालो, “साहेब, हा मीटर मे महिन्यात जळगावच्या केळीच्या बागेत, पंपाच्या स्टार्टरपाशी उघडला जाणार. तिथं एसी नाही.”

मीटरनं करंट कमी दाखवला, की मोटर ठीक आहे असं समजून मेकॅनिक निघून जातो. रात्री वाइंडिंग जळतं आणि ऐन उन्हात बाग पाण्यावाचून राहते. दोष मेकॅनिकच्या माथी येतो. मीटरवर कुणी संशय घेत नाही. मी सही केली नाही. संदर्भाचा भाग बदलला, खर्च वाढला, माल तीन महिने उशिरा निघाला. त्या वर्षीची बढती दुसऱ्याला मिळाली.

कारखान्यातला प्रमाण मीटर दरवर्षी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायला जाई. त्या प्रयोगशाळेच्या मापांचा धागा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचतो. पॅरिसजवळ जपून ठेवलेला जगाचा मूळ किलोही यातून सुटला नाही. त्याच्या प्रतींशी ताडून पाहिलं, तेव्हा शंभर वर्षांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक आढळला. अखेर २० मे २०१९ पासून किलो त्या धातूच्या ठोकळ्यावर नव्हे, तर निसर्गातल्या प्लँक स्थिरांकावर ठरू लागला. अब्बा तोवर हयात नव्हते. असते तर म्हणाले असते, अखेर त्यालाही शिक्क्याला जावं लागलं!

मोहल्ल्यातली मुलं आता विचारतात, या कामात पैसा किती? मी सांगतो, सॉफ्टवेअरपेक्षा कमी. नावही होत नाही. आपलं काम दुसऱ्यानं तपासावं, दरवर्षी तपासावं, आणि त्यात अपमान वाटू नये, एवढं ज्याला जमेल त्यानं जरूर यावं.