सगळ्यांनाच 15,490?

जुलैअखेर रिटर्नची गर्दी ओसरली की माझ्याकडे लोक एकच प्रश्न घेऊन येतात, "रिफंड कधी?" पुण्याजवळच्या लोणी काळभोरला तेल कंपन्यांचे डेपो, त्यामुळे टँकरवाले, ठेकेदार, पेन्शनर अशीच माझ्याकडची बरीच मंडळी. कुणाचा ना कुणाचा टीडीएस कापलेला असतोच. हा हंगाम भामट्यांनाही तोंडपाठ आहे.

ऑगस्ट 2023 मध्ये शेजारचे तात्या घाईघाईने मोबाइल घेऊन आले. 15,490 रुपयांचा रिफंड मंजूर झालाय, खाते क्रमांक तपासा, चुकीचा असेल तर लिंकवर जाऊन दुरुस्त करा, असा मेसेज. खात्याचे शेवटचे आकडे 6755. तात्यांचे ते नव्हतेच. सगळी मेख इथेच आहे.

"अरे, माझे पैसे भलत्याच्याच खात्यात चाललेत. बदल लवकर!"

"तात्या, तुमचा रिफंड चार हजारांच्या आतबाहेर. पंधरा कुठून आले?"

"वाढवून दिले असतील."

इन्कमटॅक्सवाले आणि वाढवून! मी लिंकला हात न लावता आयकर खात्याचं पोर्टल स्वतः टाइप करून उघडलं. पत्ता 'गव्ह डॉट इन'ने संपतो, तेवढं बघायचं. आत रिटर्न अजून प्रोसेसिंगमध्येच होतं. रिफंड जातो तो पोर्टलवर आधीच व्हॅलिडेट केलेल्या खात्यात. त्यासाठी खाते क्रमांक कुणाला मेसेजवरून विचारावा लागत नाही. पिन, पासवर्ड, कार्डाचा नंबर तर आयकर खातं कधीच मागत नाही.

"मग डिलीट कर," तात्या म्हणाले. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि मला राग येतो तो याचाच. मी स्क्रीनशॉट काढून आयकर खात्याच्या वेबमॅनेजरला मेल केला, प्रत सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, सर्ट-इनला. दोन्ही पत्ते पोर्टलवर दिलेले आहेत. हाच मेसेज, अगदी याच रकमेचा, सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही खोटा ठरवला होता. तो खुलासा दाखवल्यावर तात्यांचा चेहरा पडला. "म्हणजे सगळ्यांनाच 15,490?"

हल्ली नोटिशीच्या नावाने बनावट पीडीएफही येतात. 1 ऑक्टोबर 2019 पासून आयकर खात्याच्या पत्रावर डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. तो पोर्टलवर लॉगिन न करताही पडताळता येतो.

नुसता मेसेज आला असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'वर कळवा. पैसे गेले असतील तर मात्र लाज बाजूला ठेवून आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा. बँक उघडायची वाट बघू नका.